एका 'द'चं प्रकरण: व्हर्व्ह विरुद्ध व्हर्व्ह

१९९० साली इंग्लंडच्या वायव्येकडच्या विगन गावात चार मुलांनी बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं व्हर्व्ह. गायला रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट, गिटारवर निक मॅकेब, बेसवर सायमन जोन्स, ड्रम्सवर पीटर सॉल्सबरी. कॉलेजात जमलेली मंडळी. वर्षभरात व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखालच्या हट रेकॉर्ड्सने त्यांना उचललं. १९९२मध्ये तीन सिंगल्स आली, वर्ष संपता संपता एक ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, आला, आणि १९९३च्या जूनमध्ये 'अ स्टॉर्म इन हेवन' हा पहिला अल्बम. या सगळ्यांवर बँडचं नाव एकच शब्द: व्हर्व्ह.

१९९४ साली 'नो कम डाउन' आला. नवा अल्बम नव्हे, इकडची तिकडची उरलेली गाणी एकत्र केलेली. पण त्यावर नाव होतं द व्हर्व्ह, आणि तेव्हापासून आजतागायत तेच राहिलं आहे. इंग्रजीत तीन अक्षरं वाढली, आपल्याकडे एकच.

बँडच्या नावाआधी 'द' असावा की नसावा, हा वाद पाश्चात्त्य संगीतावर लिहिणाऱ्यांत कायम चालू असतो आणि बहुतेक वेळा तो आवडीनिवडीचा वाद असतो. 'द बीटल्स' लिहा म्हणणारे असतात, नुसतं 'बीटल्स' पुरे म्हणणारे असतात, आणि इंग्रजीत तर वाक्याच्या मधे आलेल्या 'द'चं पहिलं अक्षर मोठं काढायचं की लहान यावर हाणामारी होते. (देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे त्या एका भांडणातून आपली परस्पर सुटका झाली आहे.) व्हर्व्हचं प्रकरण मला म्हणूनच अभ्यासासारखं वाटतं. इथे 'द' कुणाच्या आवडीने आलेला नाही. तो लावावा लागला. आणि एकदा एखादी गोष्ट करावी लागली की ती नक्की काय काम करते हे नीट दिसायला लागतं.

आधी नाव असं का ठेवलं होतं

नव्वदच्या आसपास इंग्लंडमध्ये गिटारवाल्या बँडांची नावं कशी होती बघा. राइड, लश, स्लोडाइव्ह, कर्व्ह, स्वर्व्हड्रायव्हर, ब्लर, स्वेड, पल्प. एक शब्द, पुढे-मागे काही नाही. साठच्या दशकातली चाल याच्या बरोबर उलटी होती: द बीटल्स, द किंक्स, द हू, द बर्ड्स. तिथे 'द' म्हणजे 'आम्ही अमुक नावाची टोळी' असं सांगणं होतं. पुढे त्याच दशकाच्या शेवटी क्रीम, ट्रॅफिक, लेड झेपलिन आले आणि 'द' जुनाट वाटायला लागला. पिंक फ्लॉइडचंच उदाहरण घ्या. सुरुवातीच्या काळात त्यांचं नाव 'द पिंक फ्लॉइड' असं छापलं जाई, पुढे 'द' गळून पडला आणि आता कुणाला आठवतही नाही.

म्हणजे विगनच्या पोरांनी 'द' टाळला तो त्यांच्या पिढीच्या कानाला धरून. गाणीही तशीच होती: लांबलचक, गिटारचा धूर पसरलेली, शब्द त्या धुरात अर्धे विरघळलेले. अशा संगीताला एक सुटा शब्द शोभतो. 'द' लावला की ते कुठल्यातरी चार जणांचं नाव होतं. 'द' नसला की एखाद्या अवस्थेचं.

हरकत कुणाची

अडचण अशी की व्हर्व्ह नावाचं घर आधीच उभं होतं, आणि साधंसुधं नव्हतं.

नॉर्मन ग्रान्झ या माणसाने १९५६ साली अमेरिकेत व्हर्व्ह रेकॉर्ड्स हे जॅझचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलं. जॅझच्या मैफिली मोठ्या सभागृहांत नेणारा, आणि गोऱ्या-काळ्या श्रोत्यांना वेगवेगळं बसवणार असाल तर कार्यक्रमच करत नाही म्हणणारा हा आयोजक. एला फिट्झजेरल्डला स्वतःचं घर मिळावं ही या लेबलमागची मोठी प्रेरणा होती. तिने कोल पोर्टरची गाणी गायलेला अल्बम त्याच वर्षी व्हर्व्हवर निघाला. पुढे ऑस्कर पीटरसन, बिली हॉलिडे, स्टॅन गेट्झ, बिल इव्हान्स ही सगळी नावं त्या शिक्क्याखाली आली. गेट्झने जुआव जिल्बेर्तोबरोबर केलेला १९६४चा बोसा नोव्हा या ब्राझिली संगीताचा अल्बम याच लेबलचा. साठच्या दशकात लेबल एमजीएम या सिनेमावाल्या कंपनीकडे गेल्यावर तर द वेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बमही, १९६७ साली, व्हर्व्हच्याच शिक्क्याने बाहेर पडला. म्हणजे रॉकशी या नावाचा संबंधच नव्हता असंही म्हणता येत नाही.

आणि १९९३-९४मध्ये हे लेबल कपाटात ठेवलेल्या जुन्या पाटीसारखं पडून नव्हतं. मालकी पॉलिग्रॅम या बड्या संगीत कंपनीकडे होती, जो हेंडरसन, बेटी कार्टर, अ‍ॅबी लिंकन, शर्ली हॉर्न यांच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघत होत्या आणि त्यांना नाव मिळत होतं. १९९४च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लेबलच्या पन्नाशीचा मोठा कार्यक्रम झाला. (५६ ते ९४ पन्नास होत नाहीत, हे खरं. त्यांनी ग्रान्झच्या पहिल्या मैफिलीपासून, १९४४पासून, मोजलं.) जे नाव तुम्ही त्या वर्षी वाजतगाजत मिरवणार आहात, त्याच नावाचा एक इंग्लिश रॉक बँड अमेरिकेच्या दुकानांत उतरू पाहतोय, म्हटल्यावर वकिलाचं पत्र जाणारच. मला यात लेबल खलनायक दिसत नाही.

हरकतीत दम होता का, हे समजून घ्यायला एक सीडी हातात धरून बघावी. अरुंद कण्यावर आधी कलाकाराचं नाव असतं, मग अल्बमचं, आणि टोकाला लेबलचं चिन्ह व क्रमांक. जॅझच्या सीडीवर त्या टोकाला लिहिलेलं असे व्हर्व्ह. आता विगनच्या बँडची सीडी शेजारी ठेवा: तिच्या कण्यावर सुरुवातीलाच व्हर्व्ह, आणि त्या १९९२च्या ईपीवर तर कलाकार व्हर्व्ह आणि शीर्षकही व्हर्व्ह. दुकानात कणेच दिसतात. चाळणारा माणूस लेबल आणि बँड यांतला फरक कुठून ओळखणार? 'व्हर्व्हची नवी सीडी आली का?' या साध्या प्रश्नाचे दोन अर्थ होत होते. एकाच सोसायटीत दोन कुलकर्णी असले की पोस्टमनचं जे होतं ते.

पुढे काय काय करता आलं असतं

नाव पूर्ण बदलणं हा एक मार्ग. पण तोवर बँडची सहा-सात वर्षांची नसली तरी तीन-चार वर्षांची ओळख तयार झाली होती, संगीत साप्ताहिकांनी कौतुक केलेलं होतं. ते सगळं टाकून द्यायचं म्हणजे पुन्हा शून्यापासून.

दुसरा मार्ग स्पेलिंग मोडण्याचा. शेवटचा ई काढून टाकायचा असा विचार बँडने केला होता असं सांगतात, आणि मग अल्बमचं नावच 'अमेरिकेसाठी ई टाकला' अशा अर्थाचं ठेवायचं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ई म्हणजे एक्स्टसी या नशेची गोळी. कोटी चांगली होती, पण तेवढ्यावर आयुष्यभराचं नाव उभं करणं धोक्याचं. बरं झालं राहिली.

तिसरा मार्ग पत्ता जोडण्याचा. स्वेड अमेरिकेत गेले आणि तिथे आधीच कुणीतरी ते नाव वापरत होतं म्हणून 'द लंडन स्वेड' झाले. मँचेस्टरच्या परिसरात नाव काढलेल्या शार्लटन्सना अमेरिकेत 'शार्लटन्स यूके' व्हावं लागलं, कारण सॅन फ्रान्सिस्कोत साठच्या दशकात त्याच नावाचा बँड होऊन गेला होता. चौथा मार्ग शेपटी लावण्याचा: डायनोसॉरचे डायनोसॉर ज्युनियर झाले, ब्लिंकचे ब्लिंक-१८२. यातली शेपटी पुढे इतकी अंगवळणी पडली की आता तीच नावाची शान वाटते. पत्त्याचं तसं होत नाही. 'लंडन स्वेड' हे नाव मला आजही कस्टमच्या फॉर्मवर लिहिल्यासारखं वाटतं.

व्हर्व्हने सगळ्यात छोटी दुरुस्ती निवडली.

एवढ्याने भागलं कसं

ट्रेडमार्कच्या व्यवहारात 'द'ला फारशी किंमत नसते. दोन चिन्हांत फक्त 'द'चा फरक असेल तर ती वेगळी आहेत असं सहसा धरत नाहीत. हा शब्द कुणाचीच ओळख पटवत नाही असं मानलं जातं. अपवाद म्हणून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने जून २०२२मध्ये कपड्यांसाठी नुसता 'द' नोंदवून घेतला, तेव्हा अमेरिकेत लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. तरी तो 'द' कपड्यांपुरता आणि खेळांच्या चाहत्यांपुरता.

मग व्हर्व्हच्या बाबतीत तोच क्षुल्लक शब्द पुरेसा का ठरला? माझ्या मते दोन कारणं. पहिलं, लेबल आणि बँड एकाच गोष्टीचा धंदा करत असले तरी वेगळ्या जागी उभे असतात. लेबलच्या आधी इंग्रजीत 'द' लागत नाही. कुणी 'द ब्लू नोट', 'द कोलंबिया' म्हणत नाही. बँडच्या आधी मात्र लागू शकतो, आणि साठच्या दशकापासून लोकांच्या कानाला तो बँडची खूण म्हणून ओळखीचा आहे. 'द व्हर्व्ह' ऐकलं की चार माणसं डोळ्यांपुढे येतात, कंपनी येत नाही. कायद्याच्या पुस्तकात 'द' निर्जीव असेल, पण संगीताच्या दुकानात तो 'हा बँड आहे' एवढी माहिती देतो. दुसरं कारण सरळ आहे: हरकत घेणाऱ्याला नाव संपवायचं नव्हतं, गल्लत संपवायची होती. दोन्ही बाजूंना चालेल अशी कमीत कमी दुरुस्ती म्हणजे हीच.

नाव बदललं त्याच १९९४च्या उन्हाळ्यात बँड लोलापलूझा महोत्सवाबरोबर अमेरिकेत फिरला. नाव निस्तरलं होतं, बाकीचं नव्हतं. अ‍ॅशक्रॉफ्टला अंगातलं पाणी कमी होऊन रुग्णालयात न्यावं लागलं, सॉल्सबरीला कॅन्ससमध्ये हॉटेलच्या खोलीची मोडतोड केल्याबद्दल पोलिसांनी धरलं.

जे बदललं नाही ते

या प्रकरणात मला सगळ्यात मजेशीर वाटते ती गोष्ट म्हणजे कायद्याच्या नजरेत नाव बदललं तरी दुकानातली जागा बदलली नाही. इंग्रजी वर्णक्रम लावताना सुरुवातीचा 'द' मोजायचा नाही, ही ग्रंथालयांची फार जुनी शिस्त आणि रेकॉर्डच्या दुकानांनी ती जशीच्या तशी उचललेली. बीटल्स बीमध्ये, स्टोन्स आरमध्ये, व्हर्व्ह आधीही व्हीमध्ये आणि नंतरही व्हीमध्येच. ग्रंथालयाच्या संगणकी नोंदीत तर शीर्षकाच्या सुरुवातीची किती अक्षरं वगळायची हे सांगणारा वेगळा आकडा भरावा लागतो. 'द'साठी तो ४ असतो: तीन अक्षरं आणि त्यानंतरची मोकळी जागा.

बँडच्या किंवा संस्थेच्या नावाची मुख्य नोंद करताना ग्रंथपाल त्याहून पुढे जातात. तिथे 'द' काढूनच टाकतात. द हू या बँडची नोंद अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 'हू' अशी होते, आणि नुसत्या 'हू'वरून काही कळणार नाही म्हणून पुढे कंसात 'संगीत गट' असं इंग्रजीत लिहितात. म्हणजे 'द'ने जे काम सहज होत होतं ते काढून टाकायचं आणि त्याच कामासाठी कंसात दोन शब्द घालायचे. ग्रंथपालांच्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, पण इथे हसू येतं.

'द'ला वर्णक्रमात मोजून पाहायचं असेल तर आपल्या संगणकातल्या गाण्यांच्या फोल्डरकडे बघा. तिथे शिस्त लावणारा कुणी नसतो, आणि टी या अक्षराखाली अर्धं ब्रिटिश रॉक रांगेत उभं असतं. मॅट जॉन्सनच्या द द या बँडचं मात्र कुठेही ठेवा, तेच. लंडनमध्ये १९७९ साली काढलेल्या त्या बँडच्या नावात 'द'शिवाय दुसरं काहीच नाही, त्यामुळे वगळायचं ठरवलं तरी एक वगळून एक उरतो.

अमेरिकेतला दुसरा शेजारी

जॅझ लेबलपासून सुटका झाली, पण 'द' लावल्यामुळे बँड दुसऱ्याच कुणाच्या तरी जवळ सरकला. मिशिगनमध्ये १९९२ साली द व्हर्व्ह पाइप नावाचा बँड निघाला होता. १९९७च्या पूर्वार्धात त्यांचं 'द फ्रेशमेन' हे गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये विगनच्या बँडचं 'बिटर स्वीट सिम्फनी' इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत बाराव्या. वर्षभराच्या आत अमेरिकन रेडिओवर द व्हर्व्ह आणि द व्हर्व्ह पाइप! दोघांचंही एकेकच गाणं तिथल्या लोकांना ठाऊक. गल्लत न होती तरच नवल, आणि ती आजही होते.

इथे 'द' काहीच करू शकत नव्हता, कारण दोघांकडेही तो होता. आधीचं नुसतं व्हर्व्ह असतं तर कदाचित थोडा तरी फरक कानाला जाणवला असता. शब्दाची किंमत शेजारी कोण आहे त्यावर ठरते, ते इतकं स्वच्छ इथेच दिसतं.

'द' लागल्यामुळे बँडचं संगीत बदललं असं म्हणणारे लोक भेटतात. आधीचा धूर गेला, १९९५चा अल्बम ओवेन मॉरिस या निर्मात्याने केला, गाणी सुटसुटीत झाली, १९९७च्या 'अर्बन हिम्स'मध्ये व्हायोलिनं आली, आणि बँड साठच्या दशकातल्या द-वाल्यांच्या रांगेत जाऊन बसला. दिसायला छान जुळतं. पण त्याच वर्षांत सगळ्या इंग्लंडचाच कान तसा वळत होता. अ‍ॅशक्रॉफ्ट आणि ओअ‍ॅसिस बँडचा नोएल गॅलहर यांची दोस्ती होती, आणि ओअ‍ॅसिसच्या नावात 'द' कधीच नव्हता. वकिलाच्या पत्राला एवढं श्रेय द्यायची माझी तयारी नाही.

हक्कांचं दुसरं प्रकरण या बँडच्या नशिबात होतंच. 'बिटर स्वीट सिम्फनी'त वापरलेला वाद्यवृंदाचा तुकडा रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याच्या अँड्र्यू ओल्डम ऑर्केस्ट्राने केलेल्या आवृत्तीतला होता. त्यावरून गाण्याचं श्रेय जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या नावावर गेलं आणि २०१९ साली त्या दोघांनी ते अ‍ॅशक्रॉफ्टला परत दिलं. ते प्रकरण जगाला माहीत आहे. नावाचं प्रकरण त्यामानाने विस्मरणात गेलं, कदाचित ते तीन अक्षरांत मिटलं म्हणूनच.

आपण मराठीत काय करावं

मराठीत या शब्दाला समांतर काही नाही, त्यामुळे 'द' आपण सहज गिळतो. 'बीटल्सची गाणी', 'रोलिंग स्टोन्सचा दौरा' असंच लिहितो आणि तेच बरोबर वाटतं. पण 'द' मराठीत अगदीच परका आहे असं नाही. सहकारी बँकांच्या आणि जुन्या संस्थांच्या पाट्या बघा. दि कॉसमॉस को-ऑप. बँक. दि गोवा हिंदू असोसिएशन. नोंदणी इंग्रजीत झाली, नावात 'द' होता, तो पाटीवर 'दि' होऊन उतरला. बोलताना मात्र माणूस 'कॉसमॉसमध्ये खातं आहे' म्हणतो आणि नाटकवाली पिढी 'गोवा हिंदूचं नाटक' म्हणते. पाटीवरचं नाव एक, तोंडातलं एक, आणि दोन्ही आपापल्या जागी नीट चाललेली. पावतीवर 'दि' हवा, चहाच्या टपरीवर नको.

बँडांबाबतीतही मी हीच वाट धरते, फक्त तिच्यात व्हर्व्हने शिकवलेली एक परीक्षा घालते. 'द' काढून वाक्य वाचायचं आणि बघायचं, त्या जागी दुसरं कुणी येऊन उभं राहतं का. 'बीटल्सचा शेवटचा अल्बम' म्हटलं की दुसरं कुणी येत नाही. 'द' नको. 'व्हर्व्हचा १९९४मधला अल्बम' म्हटलं की एला फिट्झजेरल्डचं घर येतं. 'द' हवा. 'हूचा दौरा' हे तर मराठीत वाचताही येत नाही. तिथे 'द हू'च.

आपल्याकडच्या उदाहरणात ही परीक्षा आणखी चोख लागते. द लोकल ट्रेन हा हिंदीत गाणारा रॉक बँड. २०१५चा त्यांचा 'आलस का पेड़' कॉलेजच्या पोरांना पाठ असतो. त्यातला 'द' गाळून 'लोकल ट्रेनचा ठाण्यात कार्यक्रम' असा मथळा द्या आणि बघा, वाचक पहिल्यांदा मेगाब्लॉक आठवेल. वर्तमानपत्रांचंही तेच. 'इंडियन एक्स्प्रेसने म्हटलं आहे' हे आपण बिनदिक्कत लिहितो, पण 'द हिंदू'तला 'द' मराठी उपसंपादकही हात न लावता ठेवतो. का, ते सांगायला नको.

उलट बाजूने मात्र मी कडक आहे. असलेला 'द' गाळणं ही मराठीची रीत आहे, तिला कुणी चूक म्हणू नये. नसलेला 'द' चिकटवणं ही साफ चूक. 'द ईगल्स' हे त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. १९७२च्या पहिल्या अल्बमपासून त्यांचं नाव नुसतं ईगल्स आहे, बँडमधला ग्लेन फ्राय त्याबद्दल आग्रही होता, आणि इंग्रजी बोलणारं अर्धं जग तरीही 'द' लावतं. टॉकिंग हेड्सनी वैतागून १९८२च्या आपल्या लाइव्ह अल्बमचं नावच 'द नेम ऑफ धिस बँड इज टॉकिंग हेड्स' असं ठेवलं. कार्पेंटर्स, रमोन्स, पिक्सीज, बझकॉक्स हे सगळे बिन-'द'चे. इंग्रजांची जीभ अनेकवचन दिसलं की 'द'कडे वळते. आपल्या जिभेला ती सवय नाही, मग ओढूनताणून लावून घेण्यात काय अर्थ? मराठीत 'द ईगल्स' छापणारा माणूस नेमकेपणा दाखवायला जातो आणि नेमका तिथेच घसरतो.

यादी करताना 'द' मोजू नये. देवनागरीत मोजला तर सगळे बँड थ आणि ध यांच्या मधे कोंबले जातील. व्हर्व्ह व-खाली, हू ह-खाली. आणि विभक्तीचा प्रत्यय शब्दाला लागतो, 'द' बाजूला राहतो: 'द व्हर्व्हने', 'द हूचा'. दिसायला थोडं ओबडधोबड, पण कळतं.

एक प्रश्न उरतो जुन्या अल्बमांचा. १९९३च्या अल्बमबद्दल लिहिताना बँडला काय म्हणायचं? ऑनलाइन सेवांनी तो प्रश्न परस्पर निकालात काढला आहे. तिथे पहिल्या सिंगलपासून सगळं 'द व्हर्व्ह'खाली टाकलेलं असतं, जणू त्यांचं नाव कधी वेगळं नव्हतंच. मला ते पटत नाही. त्या काळाबद्दल लिहिताना मी पहिल्या उल्लेखात 'तेव्हाचे नुसते व्हर्व्ह' असं लिहिते आणि मग पुढे चालू लागते. दोन शब्दांचा खर्च आहे, पण वाचकाच्या हातात त्या वेळची सीडी आली तर तिच्यावर 'द' का नाही हे त्याला कळतं.

हरकतीचं मूळ कारण दरम्यान नाहीसं झालं आहे. पॉलिग्रॅम १९९८मध्ये युनिव्हर्सल या दुसऱ्या बड्या संगीत कंपनीकडे गेलं, त्याबरोबर व्हर्व्ह रेकॉर्ड्स गेलं. व्हर्जिन १९९२पासून ईएमआय या इंग्लिश संगीत कंपनीकडे होतं, आणि २०१२मध्ये युनिव्हर्सलने ईएमआयचा ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय घेतला, त्याबरोबर विगनच्या बँडची जुनी गाणीही आली. 'अर्बन हिम्स'ची वीस वर्षांची आवृत्ती २०१७ साली निघाली ती युनिव्हर्सलच्याच घरातून. वादी आणि प्रतिवादी दोघांचेही पगार एकाच खात्यातून निघायला लागले म्हणायला हरकत नाही. बँड त्याआधीच, २००७मध्ये, पुन्हा जमला होता, २००८मध्ये 'फोर्थ' हा अल्बम काढून पुढच्या वर्षी मोडलाही होता. 'द' त्यांनी तेव्हा काढला नाही आणि नंतरही कुणी काढायला गेलं नाही.